शंभरात किती

"शंभरात किती?" मामांनी विचारलं.

डॉक्टर तेलंगबाई एक ऑपरेशन उरकून थेट आमच्यासमोर येऊन बसल्या होत्या आणि पुढचं पेशंट आत टेबलावर घेतलेलं होतं. अंगात हिरवा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी तशीच. आमची फाईल चाळत चाळतच त्या बोलत होत्या.

"आजोबा, मोठी अडचण म्हणाल तर शंभरात दोन," त्या म्हणाल्या, आणि फाईलवरची नजर न काढता त्यांनी दोन बोटं वर केली. "कधी कानाच्या आत बसवलेलं यंत्र बंद पडतं. कधी जखम चिघळते. अगदी क्वचित चेहऱ्याच्या नसेला धक्का लागतो. तसं झालं तर पुन्हा उघडावं लागतं. आणि त्या कानात आज जे काही थोडंफार ऐकू येत असेल, ते बहुतेक जातं. मी हे सगळं आधीच सांगते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं."

मामांनी त्या दोन बोटांकडं बघितलं. मग माझ्या मांडीवर बसून टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कानाची उघडझाप करणाऱ्या माझ्या लेकीकडं, केतकीकडं बघितलं. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले.

"चला," ते म्हणाले. "नगं आमाला."

"अहो आजोबा, बसा तरी," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण मामा दारापर्यंत पोचले होते. मग त्या माझ्याकडं वळल्या. "शनिवारपर्यंत सह्या हव्यात. एकोणीस ऑगस्टला ही पाच वर्षांची झाली की सरकारी योजनेतून हिचं नाव निघतं. आणि योजना राहू द्या बाजूला, जितका उशीर होईल तितकं बोलणं शिकायला जड जातं. सहा तारीख मी हिच्यासाठी धरून ठेवलीय."

तो सोमवार होता. माझ्या हातात पाच दिवस होते आणि घरातला सगळ्यात हट्टी माणूस विरुद्ध पक्षात गेला होता.

मामा म्हणजे माझे सासरे, सिद्राम हावळ. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. इचलकरंजीत चाळीस वर्षं त्यांनी माग चालवला. गुडघे गेल्यावर तो मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उमाकांतच्या हातात दिला आणि स्वतः माडीवरच्या खिडकीपाशी टेबल टाकून बसले. खाली विणलेलं कापड त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय व्यापाऱ्याकडं जात नसे. तागा उजेडावर धरायचा, बोटानं हळूहळू सरकवत न्यायचा, धड निघाला की भिंतीवर खडूची एक रेघ. शंभर तागे झाले की उमाकांत यायचा आणि मामा त्याला भिंतीकडं बोट करून विचारायचे, "शंभरात किती?" आयुष्यभराचा प्रश्न तो. म्हणून दवाखान्यात त्यांनी तो विचारला तेव्हा मला उलट बरंच वाटलं होतं. म्हटलं, म्हाताऱ्यानं मनावर घेतलंय.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी आणखी एक काम केलं. बाकावर एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता आणि त्याचं कानामागं लावायचं यंत्र तिच्या पर्समधून डोकावत होतं. मामा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ह्येचं हाय का ते?"

"हो. दोन वर्षं झाली ऑपरेशनला."

"मग घालत न्हाई?"

"कुठलं घालतोय! नुसता कलकलाट होतो म्हणून खुणेनं सांगतो आणि काढून माझ्या हातात देतो. नवव्या वर्षी केलं आम्ही. उशीर झाला म्हणतात. आणि नंतर तासन् तास त्याच्याशी बोलत बसायला हवं होतं. आम्ही दोघं नोकरीला, घरात बोलणार कोण?"

मामांनी मान डोलावली, त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्या पोराचं यंत्र पर्समध्ये टाकलं होतं. परतीच्या एसटीत ते केतकीला घेऊन पुढच्या सीटवर बसले आणि इचलकरंजी येईपर्यंत वळून माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

आता आमच्या घराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मास्तरांची मुलगी, माहेर भुदरगडातलं. तिकडं दुपारी पानं पडली तरी ऐकू येतात. लग्न होऊन मी आले त्या घराच्या तळमजल्यावर चार माग होते, शेजारी सहा, समोर आठ. खडखडाट म्हणजे काय ते मला पहिल्या सकाळी कळलं. पहिले आठ दिवस मला वाटायचं की सासरचे माझ्यावर रागावलेत, कारण कुणी माझ्याशी बोलतच नव्हतं. ओठ हलायचे, हात हलायचे, आवाज नाही. मग कळलं की हेच त्यांचं बोलणं. मागावरची माणसं ओठ वाचतात आणि हातानं बोलतात, आणि तीच सवय जेवणाच्या ताटापर्यंत येते. तळहात खाली पाडला की 'बंद', मग तो माग असो, दुकान असो की कुणाची नोकरी. प्रत्येक माणसाला खूण असते. मामांची खूण म्हणजे कपाळावर टोपी सारखी करायची. माझी म्हणजे तळहातावर बोटानं लिहायचं, मास्तरांची मुलगी म्हणून. तीन महिन्यांत मीही शिकले, आणि खरं सांगू, भांडायला ती भाषा फार चांगली आहे. शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

केतकी झाली तिची खूण गालाला बोट लावायची, कारण तिला खळी पडायची. पोर दहा महिन्यांची असताना हातानं दूध मागायला लागली. वर्षाची झाली तेव्हा आजोबांना खुणेनं चिडवायची. सगळी गल्ली म्हणायची, काय चलाख पोर आहे! आम्हीही छाती फुगवून फिरलो. अडीच वर्षांची असताना मी तिला माहेरी घेऊन गेले. ती अंगणात पाठमोरी खेळत होती. माझ्या वडिलांनी ओसरीवरून हाक मारली, परत मारली, मग पितळेचा तांब्या फरशीवर आपटला. कोपऱ्यातलं मांजर पळालं. केतकी खेळतच राहिली.

"शैला," बाबा म्हणाले, "ही वळत का नाही?"

ज्या घरात कुणीच आवाजानं हाक मारत नाही, तिथं हाकेला ओ न देणारं पोर ओळखू येणार कसं? असं लोक मला समजवायचे. पण मी आई होते. अडीच वर्षं मला कळलं नाही याची लाज मला आजही वाटते, आणि त्या आठवड्यात तर ती माझ्या पाठीवर बसून मला हाकत होती. कानातली साधी यंत्रं दोन वर्षं लावून झाली, उपयोग शून्य. आता हे एक ऑपरेशनच राहिलं होतं, आणि ते मी सोडणार नव्हते.

"मामा," सोमवारी घरी पोचल्या पोचल्या मी त्यांच्यासमोर उभी राहिले. खाली माग चालू होते, म्हणजे हातानंच. "शंभरातल्या दोनासाठी नको म्हणताय?"

"शंभरातल्या दोनासाठी पोरीचं डोस्कं फोडू म्हनतीस?"

मला वाटलं माझेच शब्द उलटे फिरवून मला वेडावतायत.

"दोन म्हणजे काहीच नाही, मामा!"

"त्येच म्हनतोय मी. दोन म्हंजे कायबी न्हाई. त्येच्यावर पोरगी लावायची?"

"मग काय जन्मभर असंच ठेवायचं तिला?"

"काय वंगाळ हाय तिचं? माज्याशी बोलती, तुज्याशी बोलती. समद्या गल्लीशी बोलती."

"आणि शाळेत? लग्न झाल्यावर? सगळं जग काय इचलकरंजी आहे?"

यावर मामांनी डोळे मिटून घेतले. मागावरच्या माणसाशी भांडताना हा सगळ्यात वाईट डाव. एकदा त्यानं डोळे मिटले की तुमचं बोलणं संपलं, मग तुम्ही हात कितीही नाचवा. मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर चार दिवस, मी समोर आले की ते डोळे मिटायचे. केतकीला तो खेळ वाटला. तीही माझ्यासमोर येऊन डोळे मिटायला लागली.

उमाकांत बिचारा मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडं. मोबाईलवर वाचून दिवसातून दोनदा नवीन भीती घेऊन यायचा. एका पानावर नव्वद टक्के मुलं बोलतात, दुसऱ्या पानावर कुठल्या तरी गावच्या मुलीचं तोंड वाकडं झालं, तिसऱ्यावर मेंदूला सूज आली.

"शैला, आतलं बंद पडलं तर पुन्हा कापायचं. सहन होईल तिला?"

"न करता राहिलं तर सहन होईल?"

"तसं नाही गं. पण बाप नको म्हणतोय तर माझा हात सहीला उठत नाही. त्यांनी आजवर एकदा तागा धड म्हटला की तो परत आलेला नाही. त्यांना काहीतरी दिसत असेल."

"त्यांना फक्त स्वतःचा हट्ट दिसतो," मी म्हणाले. मलाही भीती वाटत होती हे मी त्याला सांगितलं नाही. पर्समधलं ते यंत्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण माझं घाबरणं दिसलं असतं तर ते दोघं मिळून जिंकले असते.

शुक्रवारी आमच्या भागात वीज बंद असते. मागही बंद. गल्ली इतकी शांत की पलीकडच्या घरातलं भांडण आवाजासकट ऐकू येतं. मला केतकीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला जायचं होतं. सही होवो न होवो, मी फाईल तयार ठेवणार होते. डाळीचा कुकर लावला, मामांच्या समोर गेले, त्यांनी डोळे मिटायच्या आत तीन बोटं दाखवली आणि गॅसकडं खूण केली. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. त्यांनी तोंड वाकडं करून मान हलवली.

झेरॉक्सवाल्याकडं गर्दी होती. पाऊण तासानं मी परत आले तर जिन्यातच वास आला. धावत वर गेले. स्वयंपाकघरात धूर, कुकरचं बूड काळं ठिक्कर, डाळीचा कोळसा. गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत आले. मामा माझ्याकडं पाठ करून खिडकीशी बसले होते. त्यांच्यासमोर केतकी. दोघांच्या मधे सुताच्या रिकाम्या कांड्यांचा किल्ला. मामांचं नाक तपकिरीनं कधीच निकामी झालं होतं आणि केतकीला सर्दी होती, त्यामुळं वासाचाही उपयोग झाला नव्हता.

"मामा!" मी ओरडले.

ते एक कांडी किल्ल्यावर ठेवत होते. ठेवली.

"अहो मामा! घर पेटलं असतं!"

दुसरी कांडी ठेवली. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. खाली माग नव्हते, रस्त्यावर गाडी नव्हती. केतकीनं मला बघितलं. ती माझ्याकडं आली नाही, काही नाही. तिनं आजोबांच्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारली आणि माझ्याकडं बोट केलं. अगदी रोजचं काम करावं तसं. मामा वळले.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. मग माझं तोंड बघून, "काय झालं?"

"तीन शिट्ट्या सांगितल्या होत्या ना?"

"येकच झाली की," मामा सरळ तोंड करून म्हणाले.

केतकीनं माझ्याकडं बघून जोरात मान हलवली. नाही, नाही. कपाळावर टोपी सारखी केली, कानाला हात लावला, तळहात खाली पाडला. मामा, कान, बंद. मग गालाला बोट लावलं, कान, बंद. मग दोन बोटं एकमेकांना चिकटवून माझ्यासमोर धरली आणि हसली. आम्ही जोडी.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. मामांना कमी ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक होतं, मागावरच्या सगळ्यांनाच कमी येतं. पण कमी आणि अजिबात नाही, यात केवढा फरक! ज्या घरात मुलगी बहिरी आहे हे कळायला अडीच वर्षं लागली, त्याच घरात आणखी एक माणूस पूर्ण बहिरं होतं आणि ते फक्त चार वर्षांच्या पोरीला माहीत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

मामा टोपी काढून हातात फिरवत बसले. "सात-आठ वरसं झाली आसतील. हळूहळू गेलं. म्हागारी कोन बोललं तर ही सांगती मला. हिला दिसतंय समदं."

"आणि आम्हाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? गुडगं गेलं, नाक गेलं, आता कानबी गेलं म्हनू? मग ऱ्हायलं काय बापाचं?"

मला एकदम काहीतरी आठवलं. मी सरकून त्यांच्या अगदी समोर बसले, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी.

"मामा, सोमवारी डॉक्टरबाईंच्या तोंडाला पट्टी होती."

"व्हती."

"मग त्या काय बोलल्या ते तुम्हाला कसं कळलं?"

मामांनी दोन बोटं वर केली. "हे दाखवलं की तिनं. मी इचारलं शंभरात किती, तिनं सांगितलं दोन."

"दोन काय, मामा?"

"दोन धड निघत्यात म्हनून."

मी भिंतीकडं बघितलं. खडूच्या रेघा. आयुष्यभर या माणसानं दोष मोजले नव्हते, धड तागे मोजले होते. त्यांचा 'शंभरात किती' म्हणजे किती पास झाले. आणि मी पाच दिवस त्यांच्यासमोर हात नाचवून सांगत होते की दोन म्हणजे काहीच नाही. काय वाटलं असेल त्यांना? सून वेडी झालीय, शंभरात दोन वाचतात तरी पोरीला टेबलावर चढवायला निघालीय.

मला हसू यायला लागलं आणि थांबेना, आणि मग कधी रडायला लागले तेही कळलं नाही. केतकी घाबरून माझे डोळे पुसायला लागली.

"मामा, दोन बिघडतात," मी दोन बोटं खाली पाडली. "दोन बिघडतात! अठ्ठ्याण्णव धड निघतात."

मामा माझ्या ओठांकडं बघत होते. "पुन्ना सांग."

पुन्हा सांगितलं. बोटं मोजून सांगितलं. त्यांनी एक कांडी उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"आनि ते दोन?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं की आकडा सरळ झाला की सगळं सरळ होईल. पण मामांनी ताग्यावर बोट ठेवावं तसं नेमकं तिथंच ठेवलं. मी जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. यंत्र बंद पडू शकतं, जखम चिघळू शकते, चेहरा वाकडा होऊ शकतो, पुन्हा उघडावं लागू शकतं. सगळं नीट होऊनही, आपण तिच्याशी बोललो नाही, तर तेच यंत्र पर्समध्ये पडू शकतं.

"त्या दोनांत आपली नसंलच कशावरनं?"

"कशावरूनही नाही, मामा. मला माहीत नाही."

"म्हंजे तुला बी भ्या वाटतंय."

"वाटतं की. पाच दिवस मला घास गिळवत नाहीय."

"मग सांगायचं न्हाईस? नुसती वाघिनीगत अंगावर येतीस. मला वाटलं हिला पोरीची काळजीच न्हाई, नुसती हौस हाय." केतकी त्यांच्या मांडीत जाऊन बसली होती आणि त्यांच्या सदऱ्याची गुंडी चाळवत होती. "शैला, येक सांगू? ह्या घरात माज्याशी तासतासभर बोलत बसनारं येकच मानूस हाय. तुमी बोलता ते कामापुरतं. ही ऐकाय लागली, तोंडानं बोलाय लागली, की हात कशाला हलवंल? मग मी हितं खिडकीत बसून काय करू?"

तुमच्याशी बोलेल ती, मी लक्ष ठेवीन, असं काहीबाही म्हणाले. मामांनी माझ्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी केतकीचा चेहरा स्वतःकडं वळवला, तिच्या कानामागं, जिथं कापणार होते तिथं, अंगठ्यानं दोनदा चोळलं. मग खाली जिन्याकडं तोंड करून हाक मारली. गल्ली दणाणली.

"उमाकांत! सही कर रं!"

सहा ऑगस्टला ऑपरेशन झालं. तीन तास. मामा व्हरांड्यात ज्या बाकावर बसले तिथून हलले नाहीत. दार उघडून डॉक्टरबाई आल्या, आणि मामांना बघितल्याबरोबर त्यांनी आधी तोंडावरची पट्टी खाली ओढली. मी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं.

"छान झालं, आजोबा," त्या सावकाश म्हणाल्या. "चेहरा सरळ आहे."

मामांनी हात जोडले.

तीन आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू केलं. लोकांना वाटतं की त्या क्षणी मूल हसतं. आमची किंचाळली. हात-पाय झाडले, यंत्र ओढायला लागली, भोकाड पसरलं, आणि स्वतःच्या भोकाडाचा आवाज ऐकून आणखी घाबरली. मी घ्यायला गेले तर मला ढकललं आणि आजोबांच्या मांडीवर चढली. हुंदके देत तिनं कानाला हात लावला, मुठींची उघडझाप केली. खूप काहीतरी आहे इथं. मग त्यांच्या कानाला हात लावून त्यांच्याकडं बघितलं. तुला पण?

मामांनी मान हलवली. कान, बंद. मग दोन्ही हात तिच्याकडून स्वतःकडं ओढून घेतले. तू सांग मला.

केतकी त्यांच्याकडं बघत राहिली. यंत्राकडं गेलेला हात खाली आला.

त्यानंतरचं वर्ष कष्टाचं होतं. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, तिच्याशी सतत बोला, आवाजानं बोला, दिसेल ते बोला. आम्ही मागाच्या खोलीला जाड दार बसवलं, माडीवर आवाज अडवायला गाद्या लावल्या. मी बोलायचे, उमाकांत जमेल तसं बोलायचा. पण सकाळी सातपासून न थकता कोण बोललं असेल तर मामा. ज्याला स्वतःचा शब्द ऐकू येत नव्हता तो माणूस दिवसभर बोलत सुटला. "केतके, ह्यो तागा. तागा म्हन. ह्यो पांढरा. ही मांजर. मांजर दूद पिऊन गेली, तुज्या आईला सांगू नगं." तेही मागावरच्या माणसाच्या आवाजात, म्हणजे चौकापर्यंत. त्यामुळं केतकी बोलायला लागली ती मामांसारखीच. मास्तरांची नात, पण "न्हाई" म्हणायची, आणि असं ओरडून की बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली.

पण ते पुढचं. अजून एकही शब्द आला नव्हता तेव्हाची, डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवार होता. मी कुकर लावून गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली मामा तागा बघत होते आणि केतकी त्यांच्या टेबलाखाली खडूनं रेघोट्या ओढत होती. कुकरची पहिली शिट्टी झाली. मी जिन्यातून वाकून बघितलं. केतकीचा खडू थांबला होता. ती टेबलाखालून बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, कुकरकडं टक लावून. दुसरी शिट्टी झाली तशी ती दचकली, पण पळाली नाही. मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून बसले, पायरीवरच. खाली गेले असते तर बिघडलं असतं असं मला वाटलं.

तिसरी शिट्टी झाली. केतकी धावत खिडकीपाशी गेली, मामांच्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारली, आणि ते वळल्यावर त्यांच्या नाकासमोर हात नेऊन तीन बोटं धरली.

मामा त्या बोटांकडं बघत राहिले. मग हळूहळू उठले, गुडघ्यावर हात ठेवत स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला. परत आले ते टेबलाशी बसले नाहीत. भिंतीपाशी गेले, खडू घेतला आणि ताग्यांच्या रेघांपासून जरा बाजूला एक रेघ ओढली.

ती रेघ आम्ही रंगकामात वाचवली आहे. मामा जाऊन चार वर्षं झाली. केतकी आता अकरावीला आहे, तोंडानं माझं डोकं उठवते आणि हातानं बापाशी माझी चेष्टा करते. तिचं यंत्र आजवर चाललंय. उद्याचं मला माहीत नाही, तसं मी मामांनाही सांगितलं होतं. फक्त कुकर लावला की ती असेल तिथून, हातात पुस्तक असो की फोन, तिसऱ्या शिट्टीला स्वयंपाकघराच्या दारात येते आणि माझ्यासमोर तीन बोटं धरते. मला ऐकू येतं, हे मी तिला कधी सांगत नाही.